कोपऱ्यातली चिठ्ठी

आत्याला कागद टाकवत नाही. पाकीट फोडलं की ती ते उलटं करून सपाट करून ठेवते, औषधाच्या खोक्याचं झाकण कापून ठेवते, आणि कुठल्याही कागदाच्या कोपऱ्यात बोटभर जागा रिकामी दिसली की तिथं काहीतरी लिहिल्याशिवाय तिच्या जिवाला चैन पडत नाही. पस्तीस वर्षं ती एका मोठ्या दवाखान्यात सिस्टर होती. निवृत्त होऊन घरी बसली तर आठच दिवसांत घरच्यांच्या नाकी नऊ आले, कारण ती सगळ्यांचा ताप दर चार तासांनी मोजायला लागली. शेवटी मोठ्या डॉक्टरांनीच तिला परत बोलावून फोटो विभागाच्या खिडकीत बसवलं.

फोटो म्हणजे हाडांचे आणि छातीचे. आलेल्या माणसाचं नाव लिहून घ्यायचं आणि त्याला बाकावर बसवायचं, एवढंच खिडकीचं काम. पण नाव लिहिलं तरी कागदाला कोपरा उरतोच. त्यात आत्या लिहायची: ‘घाबरट आहे, हळू बोला.’ ‘आडनावानं पुकारू नका, सासरचं आहे, अजून सवय नाही.’ ‘गुडघे धरलेत, उठायला वेळ लागेल, लगेच पुढचं नाव घेऊ नका.’ या चिठ्ठ्यांमुळे त्या विभागात भांडणं होत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. तसं तोंडावर मात्र कुणी बोलत नव्हतं, कारण कौतुक केलं तर आत्या याहून लांब चिठ्ठ्या लिहील अशी भीती होती.

सहा वर्षांपूर्वी विभागात संगणक आला. आत्याच्या भावाची मुलगी प्रोग्राम लिहायची, तिला बोलावलं. ती आली ती ‘सिस्टरांची भाची’ म्हणून, आणि नंतर नुसती ‘भाची’ झाली. आता तिचं वय अडतीस, घरी तिची स्वतःची मुलगी दहावीला, पण इथं वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला भाचीच म्हणतात. एकट्या माणसाला इतके मामा आणि आत्या क्वचितच मिळत असतील.

तिनं दोन प्रोग्राम लिहिले. एकाचं नाव ‘चित्र’. तो डॉक्टरांना फोटो उघडून दाखवायचा आणि त्याखाली आत्याची चिठ्ठी. दुसऱ्याचं नाव ‘हाक’. फोटो तयार झाला की तो बाहेरच्या स्पीकरवरून माणसाचं नाव पुकारायचा, चिठ्ठीत सांगितलं असेल तसं, हळू किंवा दोनदा किंवा आडनाव गाळून. दोन्ही प्रोग्राम एकाच जुन्या संगणकावर चालत. तो आत्याच्या टेबलाखाली होता आणि थंडीत ती त्यावर पाय शेकायची. प्रोग्राम लिहायच्या आधी आत्यानं एक अट घातली होती, की चिठ्ठ्या भाचीनं वाचायच्या नाहीत. त्या दुखणाऱ्या माणसांनी विश्वासानं सांगितलेल्या गोष्टी होत्या. भाचीनं कबूल केलं आणि सहा वर्षं शब्द पाळला.

या सोमवारी दुपारी बाराला हाक बंद पडली. स्पीकर गप्प झाला आणि चाळीस मिनिटं कुणाच्या लक्षातच आलं नाही. बाकांवर अकरा माणसं बसून होती, त्यांत एक गवंडी होता, मनगट मोडलेलं, दुसऱ्या हातानं तो हात छातीशी धरून. त्याचा फोटो अर्ध्या तासापूर्वीच तयार होता. शेवटी तो उठून आत गेला आणि कधी नव्हे ते त्या विभागात आवाज चढले.

मोठ्या डॉक्टरांनी भाचीला बोलावून घेतलं. ते कधी ओरडत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासमोर बसायला जास्त जड जातं.

“भाची, मला दोन गोष्टी कळायला हव्यात. हाक बंद का पडली, आणि पडली तर चाळीस मिनिटं कुणाला कळलं का नाही. सिस्टर तर स्पीकरच्या खालीच बसतात.”

“शोधते डॉक्टर.”

“शनिवारी दुपारी बारापर्यंत. नाहीतर मी नंबरचा फलक लावून घेतो. नंबर लागतील, लोक बघतील, आत येतील.”

नंबर लागले की नाव नको. नाव नको तर खिडकी कशाला, आणि चिठ्ठी कुणासाठी? हे डॉक्टर बोलले नाहीत, पण भाचीला ते स्वच्छ ऐकू आलं. आत्याकडून ती खिडकी गेली तर आत्या वर्षभरात म्हातारी होईल, असं तिला वाटलं.

मंगळवारी सकाळीच ती आत्याच्या टेबलाशी येऊन बसली. आत्या नेहमीसारखी खिडकीलगतच्या भिंतीला उजवा खांदा टेकवून बसली होती.

“तिकडं नको, इकडं डाव्या हाताला बस. उजेड आहे,” आत्या म्हणाली.

हाक का बंद पडली, हे पहिल्या तासातच कळलं. संगणकाची सगळी जागा वाटून देणारी एक व्यवस्था असते, तिला भाची नुसतं ‘सिस्टीम’ म्हणायची. सिस्टीम जागा सुटी-सुटी देत नाही, पानापानानं देते, आणि भाचीनं काम झपाट्यानं व्हावं म्हणून मोठाली पानं मागून घेतली होती, एका पानात एक फोटो मावेल एवढी. दुपारी बाराला हाक दुपारच्या नावांची तयारी करायची आणि त्यासाठी चार पानं मागायची. सोमवारी गर्दी कधी नव्हे एवढी होती आणि सिस्टीमकडे द्यायला एकही पान नव्हतं. असं झालं की सिस्टीम कुठलातरी चालू प्रोग्राम बंद करते आणि त्याची पानं काढून घेते. सगळ्यांत जास्त पानं चित्राकडे होती, पण चित्राला हात लावायचा नाही असं भाचीनंच सहा वर्षांपूर्वी सिस्टीमला बजावून ठेवलं होतं, डॉक्टरांच्या समोरून फोटो गायब व्हायला नको म्हणून. मग राहिली बिचारी हाक, आणि बळी तिचा गेला.

“म्हणजे खून कुणी केला ते कळलं,” फोटोवाले म्हणाले. हे विभागातले फोटो काढणारे गृहस्थ. दिवसभर लोकांना ‘श्वास धरा, सोडा’ म्हणता म्हणता त्यांना स्वतःला मात्र गप्प बसणं कधी जमलं नाही.

“खून कुणी केला ते कळलं. पानं कुणी दाबून ठेवली ते कळत नाही.”

कारण गंमत अशी होती. अकरा वाजता डॉक्टर मंडळी एकत्र बसून सकाळचे सगळे फोटो उघडत, तेव्हा चित्राला तीनशेवर पानं लागत, हे ठीक. साडेअकराला सगळे फोटो बंद होत. मग पानं सुटायला हवीत. भाचीनं चित्राला विचारलं, तुझ्याकडे किती फोटो उघडे आहेत? चित्र म्हणालं, एकही नाही, सगळी जागा मोकळी केली. तिनं सिस्टीमला विचारलं, चित्राकडे किती पानं आहेत? सिस्टीम म्हणाली, तीनशे चार. दोघंही खोटं बोलत नव्हती, आणि दोघांचा मेळ बसत नव्हता.

कुठंतरी पाणी मुरत होतं. भाचीनं मंगळवारचा दिवस गळती शोधण्यात घालवला. एखादा फोटो बंद करायचा राहतो का, एखाद्याची जागा मोकळी करायची विसरते का, एकेक ओळ बोट ठेवून तपासली. गळती नव्हती. सहा वर्षांपूर्वीची ती स्वतः इतकी नीटनेटकी निघाली की तिला स्वतःचाच राग आला.

“आत्या, चहा सांगू?” तिनं उठता उठता आत्याच्या मागून विचारलं.

“हो ना, मंगळवारच आहे,” आत्या म्हणाली.

भाची हसली. वय झालं की लक्ष असं भलतीकडे असायचंच, असं तिनं मनाशी म्हटलं आणि चहा सांगितला.

बुधवारी मात्र तिचं तोंड पाहून आत्यानंच विषय काढला. खिडकीवर गर्दी नव्हती. भाचीनं तिला जमेल तेवढं सोप्या भाषेत सांगितलं, की चित्र म्हणतं जागा मोकळी केली, आणि सिस्टीम म्हणते मला मिळालीच नाही.

“यात न कळण्यासारखं काय आहे?” आत्या म्हणाली. “मोकळी केली असेल. परत दिली नसेल.”

“म्हणजे?”

“अगं, वॉर्डात खाट मोकळी होते म्हणजे काय होतं? पेशंट घरी गेला, चादर बदलली, झाली मोकळी. पण ती मोकळी झाल्याचं खाली दाखल करून घेणाऱ्या टेबलाला कळवलं तर ती परत गेली. नाही कळवलं तर ती माझ्या वॉर्डातच मोकळी. आम्ही सगळ्या सिस्टरा दोन-तीन खाटा अशा हाताशी ठेवायचो. उद्या ऑपरेशनचे चार पेशंट येणार, तेव्हा कुठं खाली जाऊन भीक मागत बसायचं?”

भाची तिच्याकडे बघतच राहिली. तिनं लिहिलेला प्रोग्राम फोटो बंद झाला की ‘मोकळं’ असं म्हणायचा. पण तो ते सिस्टीमला सांगत नव्हता. प्रोग्रामच्या पोटात जागा सांभाळणारा एक कारभारी असतो, त्याला सांगत होता. आणि कारभारी मनाशी म्हणत होता, उद्या पुन्हा लागेलच की, राहू दे हाताशी. सहा वर्षं तिनं ‘मोकळं’ आणि ‘परत’ हे दोन शब्द एकच समजून घर चालवलं होतं.

“मग कधी अडचण नाही व्हायची?” तिनं विचारलं.

आत्यानं हातातलं पेन टोपणात घातलं, पुन्हा काढलं.

“एकदा झाली. एक बाई आली होती, पोट धरून. खालच्या टेबलानं सांगितलं, खाट नाही. तिला गावाच्या त्या टोकाच्या हॉस्पिटलात धाडलं. माझ्याकडे दोन मोकळ्या होत्या, धुतलेल्या चादरी घातलेल्या. मला दुपारी कळलं. वाचली ती. पण त्या अवस्थेत दोन तास ती फिरत होती ते माझ्यामुळे. मी कुणाला सांगितलं नाही. आज तुला सांगतेय.”

भाचीनं आत्याच्या हातावर हात ठेवला, आणि खिडकीवर एक आजोबा येऊन उभे राहिले म्हणून दोघी सावरून बसल्या.

गुरुवारी सकाळी भाचीनं कारभाऱ्याला हुकूम सोडला. फोटो बंद झाले की हाताशी काही ठेवायचं नाही, जे पान रिकामं असेल ते तडक सिस्टीमला परत. साडेअकरापर्यंत ती पडद्यापुढे बसून राहिली. त्या दिवशी चित्राकडे तीनशे बारा पानं होती. फोटो बंद झाले. हुकूम गेला. आकडा हलला.

तीनशे सहा.

“वा,” फोटोवाले म्हणाले. “सहा पानं. कारभारी मोठा दिलदार आहे.”

भाचीचा चेहरा उतरला, पण आतून तिला कसलीतरी हुरहूर लागली. एकही पान परत आलं नसतं तर हुकूमच चुकला असं म्हणता आलं असतं. सगळी आली असती तर प्रश्नच मिटला असता. पण सहाच? ही सहाच का, आणि हीच सहा का? तिनं परत आलेल्या पानांवर आधी कुणाचे फोटो होते ते काढलं. एक शाळामास्तर, दोन बहिणी, एक शिंपी, एक ड्रायव्हर, एक कॉलेजातली मुलगी. वयं वेगळी, हाडं वेगळी, डॉक्टर वेगळे. तिनं ती यादी आत्याला दाखवली.

“ही सहा माणसं. यांच्यात सारखं काय आहे?”

आत्यानं चष्मा वर सरकवून वाचलं. “काही नाही. साधी माणसं. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखंच काही नव्हतं.”

“लिहिण्यासारखं?”

“चिठ्ठी गं. या सहा जणांची चिठ्ठी कोरीच आहे.”

भाचीनं कपाळावर हात मारून घेतला. आठवलं. फोटो पानात बसला की शेवटी थोडा कोपरा उरायचा. सहा वर्षांपूर्वी तिला वाटलं होतं, एवढी जागा वाया कशाला घालवायची, आत्याची चिठ्ठी तिथंच टाकू. दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामरला हे सुचलं नसतं. उलट्या पाकिटांवर गृहपाठ करून वाढलेल्या मुलीलाच ते सुचणार. फोटो बंद झाला की त्याची जागा मोकळी व्हायची. पण माणूस त्याच दिवशी दुसऱ्या फोटोला परत आला तर चिठ्ठी हाताशी हवी, म्हणून चिठ्ठी संध्याकाळपर्यंत राहायची. सिस्टीम पान परत घेते ते अख्खं. त्यावर एक अक्षर जरी कामाचं असलं तरी तिला ते पान घेता येत नाही.

“म्हणजे एका रुमालानं अख्खा बाक अडवलाय,” फोटोवाले म्हणाले, आणि या वेळी त्यांचं म्हणणं इतकं अचूक होतं की भाचीनं त्यांना मान डोलावून दाद दिली.

आत्यानं यादी टेबलावर ठेवली. “म्हणजे हाक माझ्या चिठ्ठ्यांनी बंद पाडली.”

“तुझ्या चिठ्ठ्यांनी नाही. मी त्या चुकीच्या जागी ठेवल्या म्हणून. मी त्या सगळ्या एका वेगळ्या पानावर गोळा करते. एका पानात दिवसभराच्या मावतील.”

“काढून टाकाव्या लागणार नाहीत ना?”

“एकही नाही.”

आत्या आत कुणालातरी काहीतरी द्यायला गेली. भाचीला आता एकच खातरजमा करायची होती, की उरलेल्या तीनशे सहाही पानांत चिठ्ठीच आहे, दुसरं काही अडलेलं नाही. त्यासाठी चिठ्ठी वाचायची गरज नव्हती, कोपरा भरलेला आहे एवढंच बघायचं होतं. ती भराभर पानं पुढे सरकवत होती, नजर मुद्दाम धूसर ठेवून. पण स्वतःचं नाव दिसलं की डोळा थांबतो, आणि दवाखान्यात तिचं एकच नाव होतं.

‘उजव्या कानानं ऐकू येत नाही. डावीकडून बोला. भाचीला सांगू नका.’

वर फोटो कानामागच्या हाडाचा, आजच सकाळी काढलेला. नाव आत्याचं.

भाचीनं पडदा बंद केला. उजेडात बस, मंगळवारच आहे, भिंतीला टेकवलेला उजवा खांदा. आणि सोमवारची चाळीस मिनिटं, डोक्यावरचा स्पीकर गप्प असताना खिडकीत शांतपणे नावं लिहीत बसलेली आत्या. आत्या लोकांच्या हालचालीवरून ताडत असणार, हाक झाली की कुणीतरी उठतं. त्या दिवशी कुणी उठलं नाही तर तिला वाटलं असेल की फोटोच तयार नाहीत. डॉक्टरांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर भाचीच्या हातात आलं होतं आणि तिला ते नको होतं. दिलेला शब्द मोडून मिळालेलं उत्तर होतं ते. तिला रडू आलं, आणि त्याबरोबर आत्याचा रागही आला, की जगातल्या प्रत्येक गुडघ्याची काळजी करणारी ही बाई स्वतःचा कान घरच्यांपासून चोरून ठेवते.

दार ढकलून फोटोवाले आले. त्यांनी बंद पडदा पाहिला, मग तिचा चेहरा पाहिला.

“तुम्हाला माहीत होतं,” भाची म्हणाली.

“फोटो मीच काढला. पण चिठ्ठीत जे लिहिलेलं असतं ते मी पाळतो. इथं सगळेच पाळतात.” आणि त्या दिवशी ते पहिल्यांदाच आणखी काही न बोलता निघून गेले.

शुक्रवारी तिनं चिठ्ठ्यांची जागा बदलली. सकाळी प्रोग्राम सुरू होतानाच एक पान फक्त चिठ्ठ्यांसाठी घ्यायचं, आणि फोटोच्या पानाचा कोपरा, कितीही जीव तुटला तरी, रिकामा सोडायचा. चित्राला दिलेलं अभय तिनं काढून घेतलं. आणि एक गोष्ट तिनं कुणी न सांगता केली. आत्याच्या पडद्याच्या वरच्या टोकाला एक हिरवा चौकोन आणला. हाक चालू आहे तोवर तो हिरवा, बंद पडली की लाल, आणि लाल झाला की पडदाभर मोठा. बघायला डोळे पुरे होते.

दुपारी ती चहा घेऊन आली आणि, कुणी न सांगता, आत्याच्या डाव्या हाताला बसली. त्या बाजूला ऊन आलं होतं, डोळ्यांवर तिरीप येत होती, तरी ती तिथंच बसली. आत्यानं तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, मग बशी पुढे ओढली आणि विचारलं, “मुलीची परीक्षा कधी आहे?” भाचीनं सावकाश, नीट तोंड करून सांगितलं.

शनिवारी गर्दी भरपूर होती. अकरा वाजता चित्राकडे तीनशे एकोणतीस पानं गेली. मोठे डॉक्टर स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूला येऊन उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. भाचीनं त्यांना सगळं सांगितलं, मोकळं करणं आणि परत देणं, मोठं पान, कोपरा, आपली काटकसर. ते शांतपणे ऐकत होते. साडेअकराला आतल्या खोलीत फोटो बंद व्हायला लागले. आकडा आधी हललाच नाही. मग शेवटचा फोटो बंद झाला, हुकूम गेला, आणि तीनशे एकोणतीसच्या जागी आकडा उरला, एक.

“हे एक कशाला ठेवलंय?” डॉक्टरांनी विचारलं.

“त्यात आत्याच्या चिठ्ठ्या आहेत.”

“बरं.”

बारा वाजले. हाकेनं चार पानं मागितली, सिस्टीमनं लगेच दिली, आणि बाहेर स्पीकरवर एका आजींचं नाव सावकाश, दोनदा, आडनाव गाळून पुकारलं गेलं. भाचीचा जीव भांड्यात पडला. पण डॉक्टर हलले नव्हते.

“आणि दुसरा प्रश्न? चाळीस मिनिटं?”

“तीही माझीच चूक,” भाची घाईनं म्हणाली. “हाक बंद पडली हे सांगणारं मी काही केलंच नव्हतं. कुणाला तरी ऐकून कळेल असं धरून चालले होते. आता हा चौकोन—”

“थांब गं,” आत्या म्हणाली.

ती खुर्चीवरून उठून उभी राहिली. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी मोठ्या डॉक्टरांशी बसून बोलणं तिला जमत नसे.

“डॉक्टर, मला उजव्या कानानं ऐकू येत नाही. वर्ष झालं. डावा चांगला आहे, माणूस समोर असला की सगळं कळतं, पण वरचा स्पीकर कळत नाही. सोमवारी तो गवंडी माझ्यासमोर हात धरून बसला होता आणि मला वाटत होतं फोटो व्हायचाय. मी सांगितलं नाही, कारण सांगितलं तर तुम्ही मला घरी पाठवाल. बुधवारी हिला माझ्या जुन्या खाटांची गोष्ट सांगितली, तेव्हापासून माझी मलाच लाज वाटतेय. तेव्हाही मी माझ्यासाठीच लपवलं होतं आणि त्रास दुसऱ्याला झाला. आता तुम्ही काय ते ठरवा.”

बाहेर आजींना उठायला वेळ लागत होता, आणि पुढचं नाव घाईनं आलं नाही. डॉक्टर त्या आजी दारातून आत जाईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिले.

“सिस्टर, खिडकीवर माणूस येतो तो तुमच्या कुठल्या बाजूला?”

“उजव्या.”

“मग टेबल फिरवून घ्या, डावी बाजू बाहेर करा. सोमवारी कानाच्या डॉक्टरांना दाखवा, काय म्हणतात ते मला स्वतः येऊन सांगा. तुम्ही. दुसरं कुणी नाही.” ते दारापर्यंत गेले आणि वळले. “तो गवंडी बुधवारी प्लास्टर दाखवायला येणार आहे. त्याच्याशी तुम्हीच बोला.”

“बोलते,” आत्या म्हणाली.

फलकाचं नाव त्यांनी काढलं नाही. वॉर्डबॉय आणि फोटोवाले मिळून टेबल फिरवायला लागले, आणि टेबलाखालच्या संगणकाची वायर पुरेना म्हणून तिघा-चौघांची बरीच बोलाचाली झाली. आत्या मधे उभी राहून सगळ्यांना सूचना देत होती, नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात.

भाची पडद्यापाशी आली. उरलेलं ते एक पान नीट लिहिलं जातंय का, एवढंच तिला बघायचं होतं. एका पानावर दिवसभराच्या चिठ्ठ्या एकीखाली एक आल्या होत्या. नजर धूसर ठेवायची तिला आठवण होती, पण सगळ्यांत वरची चिठ्ठी सकाळी खिडकी उघडायच्या आधीची होती, कानामागच्या हाडाच्या दुसऱ्या फोटोची, आणि तिच्यात पुन्हा तिचं तेच नाव होतं.

‘उजव्या कानानं ऐकू येत नाही. डावीकडून बोला. भाचीला माहीत आहे.’